थकव्याची गोळी

हा जो आवाज येतोय ना, तो थ्रेशरचा. ऑक्टोबरचा महिना, सोयाबीन कापून गंज्या लागल्यात, आभाळ कधी येईल सांगता येत नाही म्हणून ज्याला त्याला आजच्या आज काढून पाहिजे, आणि मशीन अख्ख्या गावात दोन. म्हणजे मग ती रात्रभर चालते. मशीनवर सहा-सात पोरं, नाकातोंडात कुटाराची धूळ, एका गंजीवरून दुसऱ्या गंजीवर, आणि पहाटे चारला त्यातला एक जण खिशातून कॅप्सूलची पत्ती काढतो. दोन-दोन गोळ्या, वरून पाणी. अर्ध्या तासात अंग हलकं, झोप गायब. पोरं हिला थकव्याची गोळी म्हणतात.

गोळीचं खरं नाव ट्रामाडॉल. ऑपरेशननंतर, जोराच्या दुखण्यात डॉक्टर देतात ती. अफूच्या जातकुळीतलं औषध आहे. आधी लोक दुसऱ्या एका कॅप्सूलवर होते, त्यातलं डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन २०१३ मध्ये बंद झालं, मग ट्रामाडॉल आलं, आणि एप्रिल २०१८ पासून तेही अमली पदार्थांच्या कायद्यात आलं. कायद्यात आलं म्हणजे बंद झालं असं नाही, हे आपल्याकडं कोणाला सांगायला नको.

मी याच भागातला आहे. दारूशी कसं भांडायचं हे विदर्भाला शिकवावं लागत नाही. गडचिरोलीत बायाबापड्यांनी आंदोलन केलं आणि १९९३ ला जिल्ह्यात दारूबंदी झाली, चंद्रपूरला २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली, वर्ध्यात तर गांधींच्या नावानं कधीपासूनची आहे. तिथं काय मिळतं काय नाही ते सोडा. पण बाटली दिसते, वास येतो, माणूस नाल्यात पडलेला दिसतो. गोळीचं तसं नाही. गोळी खाणारा पोरगा उलट जास्त काम करतो! दोन वर्षं घरचे खूश असतात की पोरगा सुधारला बुवा.

आम्ही कॅमेरा घेऊन आलोय त्या या घरात तेच झालं. नाव सांगत नाही, चेहराही दाखवत नाही, तसं कबूल केलंय आम्ही. आईला फवारणी पंपाच्या खोक्यात रिकाम्या पत्त्या सापडल्या, अकरा. "मले वाटलं आशिडिटीच्या असतील," ती म्हणते. तिनं एक पत्ती पदरात बांधून आशाताईला, म्हणजे गावातल्या आरोग्याच्या आशा सेविकेला, दाखवली. आशाताईनं बोटानं दाखवलं ते हे बघा, लाल चौकट. ही चौकट असलेलं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं, आणि मेडिकलवाल्यानं वेगळ्या रजिस्टरात पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं ते लिहून तीन वर्षं ठेवायचं असतं.

बापानं मात्र आपल्याकडं जे करतात तेच केलं. चार लोकांना विचारलं, कोणी तरी म्हणालं आठ दिवस कोंडून ठेव, आपोआप सुटते, आणि पोराला ढोराच्या कोठ्यात कोंडलं. पहिल्या रात्री जांभयांवर जांभया, नाक गळायला लागलं, अंगावर काटा. दुसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, आणि पाय असे ओढायचे की तो भिंतीवर लाथा मारत होता. बैल बिथरला. तिसऱ्या रात्री त्यानं दार मोडलं, कुठून तरी पत्ती आणली आणि खाल्ली, वरून देशी.

इथं थांबून एक सांगतो कारण हे कोणी सांगत नाही. गोळ्या काही दिवस बंद राहिल्या की शरीराची सवय उतरते, मग जुना डोस झेपत नाही, आणि त्यात दारू पडली की श्वास मंद होत होत थांबतो. आईला पहाटे घोरण्याचा आवाज आला, पण घोरणं नेहमीचं नव्हतं, मधेच थांबायचं. हलवलं, उठेना. ओठ निळे. डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. बाप म्हणाला झोपू दे. आशाताई म्हणाली झोप नाही ही. कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं, १०८ ला फोन लावला, आणि काय खाल्लंय ते लपवलं नाही. डॉक्टरला हे माहीत असलं की नॅलॉक्सोनचं इंजेक्शन देता येतं, अशा औषधांचा उतारा असतो तो. खरं सांगितलं म्हणून वाचला, असं आशाताई आजही म्हणते.

मग महिला ग्रामसभा झाली. आणि खरं सांगायचं तर पहिली मागणी ही आली की गोळी खाणाऱ्याला पाच हजार दंड आणि त्याच्या घरी कोणी जायचं नाही. टाळ्या पण पडल्या. पोराची आई मागं बसली होती, ती काहीच बोलली नाही. आशाताईच उठली. "दंड लावा न माय, पण मंग सांगाले कोन येईन? यायच्या घरी मी पोचली ते तिनं मले पत्ती दाखवली म्हनून."

बराच वेळ कोणी बोललं नाही. दंड बारगळला.

नंतर मेडिकलवाल्यावर राग निघाला. बाया बाजारगावात जाऊन काउंटरसमोर उभ्या राहिल्या. तो म्हणाला, माझं रजिस्टर अन्न व औषध प्रशासनाचे औषध निरीक्षक बघतील, तुम्ही त्यांच्याकडं तक्रार द्या, मी घाबरत नाही, पण तुमची गोळी माझ्या दुकानातून जात नाही, ती मोटरसायकलवर येते. आता तो खरं बोलला की खोटं देव जाणे. तक्रार बायांनी दिलीच. पण परत येताना ऑटोत एकीच्या डोक्यात आलं की पोट्ट्यांना पहिली गोळी दिली कोणी? पहिली तर कोणी विकत घेत नाही.

पहिली दिली होती मशीनमालकानं. फुकट. रात्रपाळीत पोरं झोपतात आणि एखाद्याचा हात मशीनमध्ये जातो, त्याला वाटलं आपण भलंच करतोय. तो हे आमच्यासमोर बोलला आणि मग कॅमेरा बंद करायला सांगितला.

माझ्या मते गावाला खरा धागा इथं सापडला. गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेनंतर दोन्ही मशीनमालक बसवले आणि ठरलं की रात्री अकराला मशीन बंद, मोठी गंजी असेल तर दोन टोळ्या. शेतकरी कुरकुरले, पाऊस काय तुमच्या ठरावाला विचारून येतो का. चूक नाही त्यांचं. एक-दोघांनी मोडलं पण.

पोरगा आता रोज सकाळी सहाच्या एसटीनं जिल्ह्याला जातो. सरकारी दवाखान्यात ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवतात, नर्ससमोर विरघळेपर्यंत थांबायचं. गावात लगेच सुरू झालं, एक नशा सोडली दुसरी धरली. तसं नाही ते. या औषधानं तलफ आणि अंग मोडणं थांबतं, झिंग चढत नाही, माणूस कामाला लागतो, आणि किती महिने घ्यायचं ते डॉक्टर ठरवतो, पानटपरी नाही. तिकिटाचे पैसे पहिले दोन महिने बचत गटानं दिले. कर्ज म्हणून लिहायचं का यावर भांडण झालं, शेवटी लिहिलंच नाही.

पोलिसांची भीती होतीच. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४अ आहे, थोडासा माल सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. हे आशाताईनं वकिलाला विचारून वहीत लिहून ठेवलंय. आणि पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर नंबर रंगवलाय, १४४४६, नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन. पेंटरनं एक चार जास्त काढला होता, तो चुन्यानं पुसलाय, उन्हात अजून दिसतो.

काल रात्री आम्ही त्याच्याच अंगणात बसलो होतो. अकराला गावातलं मशीन बंद पडलं, कुत्री भुंकली, शांत झालं. दीड वाजता नाल्यापलीकडून पुन्हा आवाज सुरू. मला सगळे थ्रेशर सारखेच, पण त्यानं मान वाकडी करून ऐकलं. "शेजारच्या गावातली हाय. बेल्ट ढिल्ला हाय तिचा." मग तिथं कोण कोण पोरं असतील ती नावं त्यानं बोटांवर मोजली, पाच झाली. त्यातल्या एकाला फोन लावला. उचलला नाही. परत लावला.

"मशीनीच्या आवाजात आयकू येत नसंन," आई आतून म्हणाली. "झोप आता, सहाची गाडी हाय."

तो म्हणाला येतो, आणि तिसऱ्यांदा लावला.