काटा टाचेत, अवधाण जांघेत: शरीर शत्रूला ओळखतं कसं?

[टेबलावर बाभळीचा काटा, शेजारी रक्ताचा रिपोर्ट]

राम राम मंडळी! हा काटा ओळखलाच असेल. बाभळीचा. कपाशीत फवारणीला जाताना बांधावर चपलेतून आरपार टाचेत जातो, तोच हा. आज आपण याच्याच मागे मागे शरीरात शिरणार आहोत.

कातडी हे आपलं पहिलं कुंपण. काट्याने तिथे भोक पाडलं आणि टोकावरच्या मातीबरोबर जिवाणू आत गेले. कातडीखाली राखणदार पेशी बसलेल्या असतात, त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. जिवाणूच्या भिंतीत काही रसायनं अशी असतात, जी माणसाच्या शरीरात कुठेच नसतात. त्यावरून राखणदाराला कळतं, हा आपला नव्हे. तो लगेच हाळी देतो. आजूबाजूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून जागा लाल आणि गरम होते, त्यांतून पाणी झिरपतं म्हणून सुजते, आणि मज्जातंतू चेतवले जातात म्हणून रात्री ठणकते. हे सगळं जंतू करत नाहीत, आपलंच शरीर करतं.

काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येऊन पडतात. जंतू गिळायचे आणि तिथेच मरायचं, एवढंच त्यांचं काम. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारा पू म्हणजे मुख्यतः या मेलेल्या पेशी. थोडा पू आला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण टाचेपासून वर लाल रेघ चढताना दिसली, थंडी वाजून ताप आला, किंवा काट्याचं टोक आतच मोडलं, तर घरी सुईने कोरत बसू नका, दवाखाना गाठा. मधुमेह असेल तर एवढी वाटही पाहू नका.

[जांघेकडे बोट दाखवून]

आता खरी गंमत. काटा टाचेत, आणि गाठ आली जांघेत! आजी म्हणते, ‘अवधाण आलं.’ हाताला लागलं तर काखेत येतं, दाढ किडली तर जबड्याखाली. कारण जखमेतल्या जंतूचे तुकडे घेऊन काही पेशी लसिकावाहिन्यांतून, म्हणजे शरीरात झिरपलेलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, जवळच्या गाठीत जातात आणि तिथे ते दाखवतात. गाठीत लिम्फोसाइट नावाच्या पेशींची गर्दी असते आणि प्रत्येकीचा साचा वेगळा. हजारो-लाखोंतून एखादीचाच साचा त्या तुकड्यावर नेमका बसतो. मग ती एकीच्या दोन, दोनाच्या चार अशी वाढत सुटते. गाठ फुगते ती या वाढीने. अवधाण चोळून जिरवायचं नसतं. जखम सुकली की ते आपोआप उतरतं. मात्र गाठ दगडासारखी कडक आहे, दुखत नाही आणि तीन-चार आठवडे तशीच आहे, तर तपासून घ्या. क्षयरोगाच्या किंवा कर्करोगाच्या गाठी बऱ्याचदा अशाच मुकाट्याने येतात.

हे साचा शोधणं वेळखाऊ आहे. नवा जंतू असेल तर रक्तात अँटिबॉडी, म्हणजे या पेशींच्या फौजेने सोडलेली, जंतूला चिकटणारी प्रथिनं, दिसायला साधारण पाच-सात दिवस आणि जोर धरायला दोन आठवडे लागतात. आधी आयजीएम प्रकारची अँटिबॉडी येते, मागून आयजीजी प्रकारची. नंतर फौज मोडते, पण काही पेशी आठवण धरून वर्षानुवर्षं राहतात. तोच जंतू पुन्हा आला की दोन-तीन दिवसांत काम उरकतं. गोवर आयुष्यात एकदाच निघतो तो यामुळे, आणि लस हीच आठवण आजार न होता तयार करते.

आठवण न राहणारा आजार म्हणजे धनुर्वात. त्याच्या जंतूचं विष इतकं जहाल असतं की जीव घेणारी मात्रासुद्धा साचा शोधायला पुरेल एवढी नसते. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस द्यावीच लागते. बालपणीचे डोस, मग 10 आणि 16 व्या वर्षी टीडी (धनुर्वात आणि घटसर्प यांची लस), गरोदरपणी पुन्हा. हे डोस पूर्ण असतील तर काटा टोचला की दर वेळी इंजेक्शन, याची गरज नसते. जखम मातीची, खोल असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तर घ्यावं. स्वच्छ, वरवरच्या जखमेला दहा वर्षांचा हिशेब. डोस झालेत की नाही हेच आठवत नसेल, तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

[रिपोर्ट कॅमेऱ्यासमोर]

आता हा कागद. पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला 4,000 ते 11,000 ही मोठ्या माणसाची नेहमीची पातळी. त्या वाढल्या आणि त्यात न्यूट्रोफिल जास्त, तर बहुधा जिवाणू. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढल्या तर बहुधा जंत किंवा ॲलर्जी. ताप आहे आणि पेशी उलट कमी झाल्यात, तर बहुधा विषाणू, आणि आपल्याकडे पावसाळ्यानंतर पहिला संशय डेंग्यूचा. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. मेडिकलवरून दोन गोळ्या आणून काही साधत नाही.

आत्ताच पाहिलेला पाच-सात दिवसांचा हिशेब इथे कामी येतो. डेंग्यूत पहिल्या पाच दिवसांत एनएस1 तपासणी करायची, कारण ती विषाणूचाच भाग शोधते. आयजीएम पाचव्या दिवसानंतर. दुसऱ्या दिवशी केलेलं आयजीएम निगेटिव्ह आलं म्हणजे डेंग्यू नाही, असं नव्हे. टायफॉईडच्या विडाल तपासणीचंही तेच, तीही अँटिबॉडीच शोधते. तापाच्या तिसऱ्या दिवशी विडाल करून ‘टायफॉईड निघाला’ म्हणणं घाईचं आहे. जुन्या संसर्गाच्या अँटिबॉडीसुद्धा त्यात दिसतात. खात्री हवी तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी.

डेंग्यूत आठवण उलटतेही. विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराच्या अँटिबॉडी दुसऱ्याला चिकटतात, पण त्याला मारू शकत नाहीत. उलट पेशींच्या आत शिरायला वाट करून देतात. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त धोक्याचा. आणि धोका ताप असताना कमी, ताप उतरताना जास्त, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसात. प्लेटलेट उतरताना रिपोर्टमधलं हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) चढत असेल, पोटात जोरात दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर त्याच दिवशी दाखल करा. तापाला पॅरासिटामॉलच; ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो.

नळाला रोज पाणी येत नाही तिथे घरोघरी टाक्या, रांजण, पिंप भरलेली, आणि उन्हाळ्यात प्रत्येक घरी कूलर. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची मादी याच पाण्यात येते. ती अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवते. ती कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, आठवड्यातून एकदा भिंत काथ्याने घासा. अंड्याचा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा.

आता ओळख चुकते ते आजार. शेतात गाजरगवत उपटलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान, हात, पापण्या खाजून लाल झाल्या. त्या गवतात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. ते जंतू नाही, पण टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) त्याला शत्रू समजून चढाई करतात. चढाई उशिरा पोचते, म्हणून खाजही दुसऱ्या दिवशी. उपटायचं तर फुलावर येण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. आमवातात तर ओळख घरातच चुकते आणि सांध्यांच्या अस्तरावर हल्ला होतो. सकाळी बोटं तासभर किंवा जास्त वेळ ताठ राहत असतील तर त्याचा संशय घ्या. झिजेच्या सांधेदुखीत ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात जातो. आता सांगा, इम्युनिटी वाढवायची पावडर विकणारा या रोग्याची नेमकी काय वाढवणार?

सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आजार यापेक्षा वेगळा. तो जन्मजात आहे, कुणाच्या उष्ट्याने किंवा शेजारी बसल्याने लागत नाही. नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा भागातल्या आदिवासी पाड्यांवर हा शब्द बहुतेकांनी ऐकलेला असतो. आई आणि वडील दोघे वाहक असतील, म्हणजे दोघांत या आजाराचा एकेक सदोष जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता 25 टक्के. लग्नाआधी तपासणी करा म्हणतात ती यासाठी. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो; उलट गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. आजार असलेल्या मुलाच्या विळ्यासारख्या तांबड्या पेशी मात्र प्लीहेत अडकतात, आणि रक्त गाळून जंतू पकडणारी ती प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते. म्हणून अशा मुलाला 101 फॅरनहाइटच्या वर ताप आला तर रात्र काढू नका. न्यूमोकोकस जंतू काही तासांत जीवावर बेततो. त्याची लस आणि लहानपणी पेनिसिलिनचे नियमित डोस, हे दोन्ही चुकवू नका.

[शेवटचा भाग, हळू बोलणे]

राहिला साप. विष मिनिटा-तासांत भिनतं आणि आपला साचा सापडायला आठवडा लागतो. म्हणून अँटिबॉडी उसनी घ्यावी लागते. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून ती काढतात. आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालतं, त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. दोरी करकचून बांधू नका, चिरा देऊ नका. चावलेला पाय हलू न देता रुग्णाला न्या. लहान मुलालाही डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो, कारण साप वय बघून विष कमी सोडत नाही.

रुग्ण घरी आला, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, अंगावर पुरळ, सांधे दुखायला लागले, तर विष उलटलं असं समजू नका. घोड्याचं प्रथिन परकं आहे हे शरीराला आत्ता कुठे कळलेलं असतं. सुटीचा कागद घेऊन त्याच दवाखान्यात परत जा, यावर औषध आहे.