एका दिवसाची लिली

नमस्कार श्रोतेहो.

घरात ब्रह्मकमळ फुलायचं असलं की केवढी धांदल उडते! शेजारीपाजारी गोळा होतात, कॉफी होते, बारा वाजेपर्यंत फोटो निघतात. जास्वंदही एकाच दिवसाची, पण तिच्यासाठी कोण जागतंय? सकाळी तोडली, गणपतीला वाहिली, झालं. माझ्या गच्चीतली डे लिली या जास्वंदीच्या पंगतीतली. गाजावाजा न करता पहाटे उमलते, संध्याकाळी मिटते ती कायमची.

शास्त्रीय नावातही तेच आहे. हेमेरोकॅलिस. ग्रीकमध्ये हेमेरा म्हणजे दिवस, कॅलोस म्हणजे सौंदर्य. मूळची ती चीन-जपानकडची. तिकडे तिच्या कळ्या वाळवून सूपात घालतात. आपण मात्र नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या कळ्या तोंडात टाकू नयेत, त्यावर काय काय फवारलेलं असतं कोण जाणे! आणि घरात मांजर असेल तर हे झाड आणूच नका. मांजराने पान जरी चावलं तरी त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

लिली म्हणतात, पण ही खरी लिली नव्हे. खऱ्या लिलीला मातीखाली कांदा असतो. हिची कुंडी उपडी केलीत तर शतावरीसारखा फुगीर, पांढुरक्या मुळांचा झुबका हाती येतो. हे मला ठाऊक नव्हतं तेव्हा निशिगंधाच्या कांद्यासारखा तिचा गड्डा चांगला वीतभर खोल पुरला होता. जुलैच्या पावसात सडला. ओढून पाहिलं तर पानं नुसती हातात आली आणि वास असा की कुंडी दोन दिवस जिन्यात ठेवावी लागली. पानं आणि मुळं जिथं मिळतात तो भाग मातीखाली बोटाच्या एका पेराएवढाच हवा. पाणी झटकन निचरणारी माती आणि पाच-सहा तास ऊन, बाकी तिचे लाड नाहीत.

फूल एका दिवसाचं असलं तरी एका दांड्यावर दहा-बारा कळ्या असतात आणि त्या पाळी लावून उमलतात. उद्याची कळी आज संध्याकाळीच ओळखू येते: फुगलेली, रंग चढलेला, टोकाशी किंचित सैल झालेली. कालचं फूल मात्र भिजलेल्या टिश्यू पेपरसारखं लोंबत असतं. ते देठाशी वाकवून कट्‌कन मोडायचं. चहाच्या आधीचं माझं हे रोजचं काम. बोटांना केशरी डाग पडतात, आणि शेजारची कळी चुकून मोडली की सकाळभर चुटपुट लागते.

जुन्या केशरी जातीला सहसा बी धरत नाही. असं का, याच्या मागे लागूनच न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानातले आर्लो स्टाउट डे लिलीच्या संकरांकडे वळले. आज हिच्या हजारो जाती आहेत. माझ्याकडे दोनच, आणि पिवळीपेक्षा मला ती जुनी केशरीच आवडते.

बी नाही म्हणजे वाटणी आली. तीन-चार वर्षांनी कुंडी दाटली, फुलं कमी झाली, की गड्डा उपसून सुरीने तुकडे करायचे. गेल्या वर्षी त्यातला एक मी खालच्या मजल्यावरच्या काकूंना दिला. त्यांच्याकडे पूर्वेचं ऊन येतं. यंदा पहिला दांडा त्यांच्याकडे आला, आणि फुलं बघायला मलाच त्यांनी चहाला बोलावलं.

नमस्कार.