लांब पायांच्या कोळ्यावरचा आळ

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात तुम्ही आलात, बरं वाटलं. विषय फळ्यावर लिहिलाय, घरातला लांब पायांचा कोळी माणसाला अपायकारक आहे का? उत्तर आधीच सांगून टाकतो, नाही. आता कुणाला बस पकडायची असेल तर खुशाल निघा. पण मला खरं बोलायचंय ते त्याच्यावर येणाऱ्या आळाबद्दल, कारण त्या आळापायी माणसांचं नुकसान होतं आणि ते मी जवळून बघितलंय.

कोळी कोणता ते तुम्हाला सगळ्यांना माहितीये. बाथरूमच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, कपाटाच्या मागे, विस्कटलेल्या जाळ्यात उलटा लटकलेला, अंग मुगाएवढं आणि पाय ही एवढे. फुंकर मारली की जाळ्यासकट गदागदा हलतो. आपल्याकडच्या घरांत बहुतेक वेळा जो दिसतो त्याचं नाव क्रॉसोप्रायझा लायोनी, पोटाचं मागचं टोक जरा वर आलेलं असतं त्यावरून ओळखता येतो. युरोप-अमेरिकेतल्या तळघरांत त्याचा भाऊबंद असतो, फोल्कस. दिवाळीच्या आधी आपण जी जळमटं काढतो त्यातली बरीचशी याच मंडळींची.

आता हात वर करा, घरात कुणाच्या अंगावर लालसर पुरळ किंवा पाण्याचे फोड आले आणि घरच्यांनी सांगितलं की कोळी मुतला, असं कुणाकुणाकडे झालंय? बघा, जवळजवळ सगळा हॉल. माझ्याकडेही झालं. माझी मावशी गावाला असते, पावसाळ्याचे दिवस होते, कंबरेपासून पोटाकडे एका बाजूला आग आग व्हायला लागली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोडांचा पट्टा उठला. शेजारच्या काकू आल्या, बघितलं न बघितलं आणि म्हणाल्या, कोळी फिरलाय अंगावरून. वर बघितलं तर पलंगाच्या वरच्या कोपऱ्यात कोळी होताच, कुठल्या घरात नसतो? मग काय, झाडू घेऊन त्याला मारलं, गेरू लावला, कुणाकडून तरी उतरवून घेतलं, आणि यात आठवडा गेला. आठवड्याने तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात नेलं तर तिथल्या डॉक्टरांनीही कोळी कुणी चावताना बघितला का हे न विचारता केसपेपरवर किडा चावला असं लिहून मलम दिलं. मी पोचलो तेव्हा मावशीला शर्टाचा स्पर्शही सहन होत नव्हता, शर्टाचा म्हणजे ती मामांचा जुना सैल शर्ट घालून बसली होती कारण पोलकं टोचत होतं. तो कोळीबिळी काही नव्हता, नागीण होती. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली की त्याच मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो, म्हणून पट्टा एकाच बाजूला असतो, मधली रेघ सहसा ओलांडत नाही. यावर गोळ्या आहेत, पण त्या शक्यतो पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू करायच्या असतात. आमचे ते तास कोळ्याला मारण्यात आणि गेरूत गेले. फोड सुकले, पण ठणका नंतर कित्येक महिने राहिला. मला आजही त्याचा राग येतो. काकूंचा नाही, त्यांनी मायेनेच सांगितलं, राग त्या केसपेपरचा येतो.

बरं, सगळेच फोड नागिणीचे नसतात. पावसाळ्यात भातशेतीच्या भागात एक बारीक किडा येतो, पेडेरस, सेंटिमीटरपेक्षा लहान, डोकं काळं, मधलं अंग नारिंगी, पाठीवर निळसर आखूड पंख, एखाद्या लांबट मुंगीसारखा दिसतो. रात्री ट्यूबलाइटकडे येतो, मानेवर बसतो, आपण झोपेत चिरडतो. तो चावत नाही, डंख मारत नाही, पण चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं रसायन कातडीला लागतं. (हे रसायन खरं तर किडा बनवत नाही, त्याच्या अंगात राहणारे जिवाणू बनवतात, भारी प्रकार आहे, पण ते पुन्हा कधीतरी.) गंमत अशी की लगेच काही होत नाही, पुरळ येतो एक-दोन दिवसांनी, फटकारा ओढल्यासारखी रेघ, आत फोड, आणि कोपराच्या आतल्या बाजूला लागलं तर हात दुमडल्यावर समोरासमोर दोन डाग. तोवर किडा कुठे गेला कुणालाच आठवत नाही, आणि छतावर कोळी तर दिसतोच. जुलै 2022 मध्ये सिक्कीममधल्या एका कॉलेजात शंभरेक मुलांना एकदम हा त्रास झाला होता, तुम्ही बातमी वाचली असेल. उपाय साधा आहे, किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि जागा साबणाने धुवा.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत म्हणतायत. ठीक आहे, मग आता मूळ विषय भराभर घेतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते असं की हा जगातला सगळ्यात विषारी कोळी, पण दात इतके लहान की कातडीत शिरत नाहीत. दोन्ही गोष्टी चूक. विषाचं म्हणाल तर 2019 मध्ये अमेरिकेत ग्रेटा बिनफर्ड आणि सहकाऱ्यांनी याच कुळातल्या एका कोळ्याचं विष तपासलं, किड्यांवर ते चांगलं काम करतं, सस्तन प्राण्यांवर त्याचा जोर फारच कमी. आणि दातांचं म्हणाल तर ते साधारण पाव मिलिमीटर असतात, पातळ कातडीत शिरू शकतात. एका अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात सूत्रधाराने मुद्दाम स्वतःचा हात आत घालून चावून घेतलं, तर जराशी जळजळ झाली आणि काही सेकंदांत थांबली.

मग ही अफवा आली कुठून? एक अंदाज असा की ऑस्ट्रेलियात हा कोळी रेडबॅक नावाच्या दुसऱ्या कोळ्याला मारून खातो, रेडबॅक माणसाला खरोखर धोकादायक, म्हणून लोकांनी ठरवलं की हा त्याहून विषारी. पण तो जिंकतो तो पायांच्या जोरावर, लांबूनच रेशीम फेकून समोरच्याला गुंडाळतो आणि मग निवांत चावतो, त्याला जालीम विष लागतच नाही.

आणि जे खरंच विषारी आहेत तेही उगाच चावत नाहीत. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका घरात सहा महिन्यांत 2,055 ब्राउन रिक्लूज कोळी सापडले, चौघांचं कुटुंब तिथे काही वर्षं राहत होतं, आणि एकालाही चावल्याची नोंद नाही. हे 2002 मध्ये छापून आलंय. म्हणून कोळी चावला असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, बघितलात का चावताना?

अजून एक, सह्याद्रीत पावसाळ्यात ओल्या दगडांवर लांब पायांचे जे घोळके बसलेले दिसतात ते कोळी नाहीतच. त्यांचं अंग एकसंध असतं, डोकं-पोट असे भाग दिसत नाहीत, ते जाळं विणत नाहीत आणि विषाच्या ग्रंथीही त्यांना नसतात. फार तर घाण वास सोडतील. मुलांना पाय तोडू देऊ नका त्यांचे, तुटलेला पाय परत येत नाही.

शेवटचा प्रश्न घेतो, मागच्या ताई विचारतायत की घरात रांगतं बाळ आहे, तर कोळी ठेवायचा की काढायचा? ताई, बाळाच्या हाताला येईल अशा ठिकाणची जाळी काढा, ती धुळीसाठी, कोळ्यासाठी नाही. वरच्या कोपऱ्यातला राहू द्या. थायलंडमध्ये अभ्यास झालाय, आपला हा क्रॉसोप्रायझा डेंगी पसरवणारे डास खातो. त्याच्यासाठी स्प्रे तर अजिबात मारू नका, बाळ त्याच खोलीत श्वास घेतं. आणि बाळाच्या अंगावर फोड दिसले तर वर छताकडे बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.