सचिवालय, मंत्रालय आणि दुपारी दोनची रांग

नमस्कार श्रोतेहो.

'आपलं काम मंत्रालयात अडकलंय' हे वाक्य कधीच कानावर पडलं नाही, असं घर महाराष्ट्रात शोधूनही सापडायचं नाही. जमिनीचा मोबदला असो, शाळेचं अनुदान असो की बदली; कागद तालुक्याहून जिल्ह्याला जातो, जिल्ह्याहून मुंबईला, आणि त्याच्यामागोमाग माणूस निघतो. रात्रीची गाडी पकडून तो ज्या इमारतीपाशी येऊन थांबतो, तिच्याविषयी आज बोलायचंय.

त्याआधी तिच्या थोरल्या बहिणीकडे जाऊ. ओव्हल मैदानासमोर उंच मनोऱ्याची, कमानींची दगडी इमारत आहे. ते मुंबई इलाख्याचं सचिवालय. विल्किन्स नावाच्या लष्करी अभियंत्याच्या आराखड्यानुसार १८६७ ते १८७४ या काळात ते उभं राहिलं. आज तिथं दिवाणी व सत्र न्यायालय भरतं. २०१८ साली युनेस्कोनं या परिसराला जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात ही वास्तूही आली.

नवं सचिवालय मात्र साधं. १९५५ साली, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्माला यायच्या पाच वर्षं आधी, मुंबई राज्यासाठी ते बांधलं गेलं. ना मनोरा, ना कोरीव काम. १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना 'सचिवालय'चं 'मंत्रालय' झालं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. घर सचिवांचं नव्हे, तुम्ही निवडून दिलेल्या मंत्र्यांचं, हे पाटीवरच लिहिलं गेलं. पुढं तर 'सहावा मजला' म्हटलं की मुख्यमंत्री, हे सगळ्या राज्याला न सांगता कळू लागलं.

आणि मग २१ जून २०१२ उजाडला. गुरुवार होता. दुपारी तीनच्या सुमारास चौथ्या मजल्यावर आग लागली आणि बघता बघता वर चढली. वर्षानुवर्षं कार्यालयांत लाकडी पार्टिशनं उभी राहिली होती, खोटी छतं आली होती, वायरींचं जाळं वाढलं होतं, आणि कागद तर गठ्ठ्यांनी रचलेले. चौथा, पाचवा, सहावा मजला जळून गेला. पाच जणांचे जीव गेले. खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर जीव मुठीत धरून उभी असलेली माणसं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली आहेत.

त्या दिवशीची एक गोष्ट मी कधीही विसरणार नाही. खाली धूर कोंडलेला असताना काही कर्मचारी गच्चीवर गेले आणि तिथला तिरंगा त्यांनी सन्मानानं उतरवून खाली आणला.  तुमच्याआमच्यासारखीच ही माणसं.

मग दुरुस्ती सुरू झाली. जळालेले मजले नव्यानं घडवले, आग विझवण्याची यंत्रणा बसवली, बंद खोल्यांच्या जागी मोकळी कार्यालयं आली. आता मंत्रिमंडळाची बैठक सातव्या मजल्यावर भरते. भिंती उभ्या राहतात हो, पैसा आणि गवंडी लागतो. नस्ती, म्हणजे फाईल, कशी उभी करायची? तिच्यात टिपणी असते, टिपणीखाली सही, सहीखाली शेरा. जळालेल्या नस्त्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रती मागवाव्या लागल्या आणि एकेक प्रकरण पुन्हा जोडावं लागलं. या इमारतीचं खरं नूतनीकरण मी त्यालाच म्हणेन, आणि ते करणाऱ्या लिपिकांचं कौतुक फारसं झालं नाही याची मला खंत आहे.

त्यानंतर इमारतीत आणखी एक गोष्ट आली. जाळी. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्यानं संपादित जमिनीच्या मोबदल्यापायी मंत्रालयातच विष घेतलं. पुढच्याच महिन्यात वरच्या मजल्यावरून उडी मारून एकाचा मृत्यू झाला. तेव्हा मधल्या मोकळ्या चौकात पहिल्या मजल्याच्या उंचीवर ही जाळी बांधली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनीच आदिवासींच्या प्रश्नासाठी तिच्यावर उडी घेतली. जाळीनं जीव वाचतो, तेव्हा ती हवीच. पण वरच्या मजल्यावरून खाली पाहताना ती दिसली की माझ्या पोटात कालवतं.

सर्वसामान्यांना आत जायची वेळ दुपारी दोनची. गार्डन गेटजवळ सकाळपासून माणसं गोळा होतात. आता तर चेहरा ओळखणारं यंत्रही बसलंय. मागं एकदा त्या रांगेत माझ्यापुढं धोतर-टोपीतले एक आजोबा होते, परभणीकडचे. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात घडी केलेला कागद. घड्यांवर तो विरत आला होता म्हणून मागून चिकटपट्टी लावलेली. "ही पोच," ते म्हणाले आणि गोल शिक्क्यावर बोट ठेवून त्यांनी मला आवक क्रमांक वाचून दाखवला, अगदी तोंडपाठ असल्यासारखा. "अर्ज त्यांच्यापाशी, पोच आपल्यापाशी." तेवढ्यात रांग हलली. कागद पुन्हा पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर गाठ. टोपी नीट करून आजोबा पुढं सरकले.