बाळहिरडा : झाडापासून वजनकाट्यापर्यंत

डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालत रस्ता आहुप्याकडे चढतो. पुणे जिल्हा, आंबेगाव तालुका. मुख्य पीक पावसाळी भात. ते झोडपून झालं की कर्ती माणसं मंचर, नारायणगाव, पुण्याची वाट धरतात. मागं उरतात म्हातारीकोतारी आणि हिरडा.

आतली बी टणक व्हायच्या आधी उतरवलेलं कोवळं फळ म्हणजे बाळहिरडा. तो औषधाला जातो. पिकलेला मोठा हिरडा कातडी कमवायलाही चालतो. बाळहिरडा कातळावर एकाच थरात पसरायचा, दिवसातून दोन-तीनदा हलवायचा, तिन्हीसांजेला गोळा करून झाकायचा. काळा पडला म्हणजे वाळला, असं नाही. दगडावर ठेचून बघा. कटकन फुटला तर पोत्यात. चिवटपणे चेपला तर आणखी ऊन. वळवाची सर लागलेला माल तसाच भरला की पोत्याच्या मधोमध बुरशी धरते. आणि व्यापाऱ्याचा हात नेमका तिथंच जातो.

एकट्यानं पाच-दहा किलो बाजारात नेलं की बारदानाचा कडता, म्हणजे वजनातली कपात, ओलीचा कडता, वर आधी घेतलेली उचल. गावानं माल एकत्र केला तर रिकामं पोतं आधी तोलता येतं, वजन सगळ्यांसमोर वहीत चढतं. पण ज्या दिवशी माल, त्याच दिवशी पैसे द्यावे लागतात. घरात तेल-मीठ आज हवं असतं. गटाकडं खेळतं भांडवल नसेल, तर नवाकोरा काटा असूनही हिरडा जुन्याच व्यापाऱ्याच्या दारी जातो.

जंगलावरचा हक्कही कागदावर हवा. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गावानं मिळून वापरायच्या-राखायच्या जंगलाचा दावा नमुना ‘ग’ मध्ये भरतात. त्या ग्रामसभेला निम्मी हजेरी लागते, हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश महिला. अर्धं गाव पुण्यात असताना गणपूर्ती कुठून व्हायची? सभा शिमग्याला धरावी, चाकरमानी तेव्हा घरी असतात. शेजारच्या गावाला शिवेवर आधीच बोलवावं. नकाशावरची रेघ नंतर फार महागात पडते.

राहिला कोयता. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, किंवा घाईनं फांदी तोडली, की त्या फांदीचं पुढच्या हंगामाचं फळ गेलं. म्हणून काट्यावर पोतं उलटं करून बघायचं. हिरड्यासोबत हिरवी डहाळी निघाली, तर तो माल तोलायचा नाही.