कॉलेजच्या संघातून क्लबच्या करारापर्यंत

नागपुरात फुटबॉल खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना घरी एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: "खेळून पुढे काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर गोड करून सांगितलं, तर नुकसान त्या पोरांचंच होईल.

(दृश्य : मोतीबागचं रेल्वे मैदान, लीगचा सामना)

हा लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या कडेने चढाई करणारा खेळाडू, बघा. राहणार कामठीचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चेंडू पायात आला तरी त्याची मान वरच असते. समोरचा बॅक, म्हणजे बचावपटू, अंगावर येईपर्यंत तो थांबतो आणि मग बाहेरच्या बाजूने निसटतो. पहिला क्रॉस उंच गेला, थेट गोलकीपरच्या हातात. पुढच्या खेपेला त्याने तोच चेंडू जमिनीलगत मागे ओढला, धावत येणाऱ्या मिडफिल्डरसाठी. एवढी समज नुसती शिकवून येत नाही. उजव्या बुटाचा तळ शिवून घेतलेला आहे, टाके इथूनही दिसतात.

कामठी हे 1821 साली वसलेल्या लष्करी छावणीचं गाव. फुटबॉल तिथे घराघरांत मुरलेला आहे. रब्बानी, राहुल, यंग मुस्लिम या क्लबांची नावं नागपूरच्या लीगमध्ये अभिमानाने घेतली जातात. याच शहरात विजय बारसे सरांनी 2001 मध्ये वस्तीतल्या मुलांना एकत्र करून स्लम सॉकर ही संस्था उभी केली, आणि 2016 मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार त्या कामाला मिळाला. पोरांची किंवा खेळाच्या वेडाची इथे कधीच वानवा नव्हती.

(दृश्य : फळ्यावर खडूने आकडेमोड)

आता हिशेब मांडू. इंडियन सुपर लीग ही देशातली वरच्या पातळीची क्लब स्पर्धा 2014 मध्ये सुरू झाली. 2024-25 च्या मोसमात तिच्यात 13 क्लब होते. एका वेळी मैदानात चार परदेशी खेळाडू उतरवता येतात, म्हणजे भारतीयांसाठी प्रत्येक संघात सात जागा उरतात. तेरा गुणिले सात, 91. अख्ख्या देशासाठी. राखीव खेळाडू आणि तिच्या खालच्या पातळीवरच्या आय-लीगचे संघ धरले तर आकडा वाढतो, पण स्पर्धा मणिपूर, मिझोराम, गोवा, केरळ, बंगालमधल्या मुलांशी आहे. त्यातही परदेशी खेळाडू बहुतेक वेळा स्ट्रायकर, सेंटर बॅक किंवा मधल्या फळीत खेळतात. आपल्या विंगरला त्यातल्या त्यात बरा वाव आहे.

खरी अडचण वयाची. क्लब आणि अकादम्या मुलं निवडतात ती तेरा-चौदा-पंधराव्या वर्षी. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी 1987 पासून हेच करते आहे. आपला मुलगा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा गाजवून, विद्यापीठाचा कलर मिळवून, म्हणजे विद्यापीठाच्या संघात येऊन, पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, तेव्हा तो विशीत असतो. तोवर त्याच्याच वयाच्या मुलाने अकादमीत पाच-सहा वर्षं काढलेली असतात. रोजचा सराव, मोजून मापून आहार, फिजिओ.

अमेरिकेत कॉलेजचा खेळाडू थेट व्यावसायिक क्लबपर्यंत पोचू शकेल अशी वाट तरी आहे. मेजर लीग सॉकर या तिथल्या व्यावसायिक लीगचे क्लब 2000 पासून सुपरड्राफ्टमधून, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या पद्धतीतून, कॉलेजचे खेळाडू निवडत आले. तरीही तिथली कॉलेज क्रीडा संघटना स्वतःच सांगते की, सगळे खेळ धरून दोन टक्क्यांहूनही कमी विद्यार्थी-खेळाडू व्यावसायिक होतात. आपल्याकडे अशी निवड पद्धतच नाही.

महाराष्ट्राचं दुखणं आणखी वेगळं आहे. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, मुंबई एफसी, एफसी पुणे सिटी: 2015 ते 2019 या चार-पाच वर्षांत एकामागून एक क्लब बंद पडले. जुलै 2025 मध्ये तर सुपर लीगच लांबणीवर पडली आणि करार झालेले खेळाडूही घरी बसले. हे बघून कुठला बाप मुलाला निर्धास्तपणे मैदानावर पाठवेल?

(दृश्य : रेल्वे संघाचा सराव)

म्हणून नागपूरचा खेळाडू आधी नोकरी बघतो. रेल्वे, पोलीस, शासकीय भरतीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण. याला कुणी हार म्हणू नये. खात्याच्या संघातून खेळताना पगार मिळतो आणि संतोष ट्रॉफी या राज्यांच्या संघांमधल्या राष्ट्रीय स्पर्धेचं दारही बंद होत नाही.

पण ज्याला क्लबच गाठायचा आहे, त्याने पदवी हातात पडेपर्यंत थांबू नये. पहिल्या वर्षापासूनच मुंबई-गोव्याच्या क्लबांच्या ट्रायल द्याव्यात. रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीगमध्ये क्लबांचे तरुण संघ खेळतात, तिथे उतरायला मिळेल असा क्लब शोधावा. पूर्ण सामन्यांचं चित्रीकरण जपून ठेवावं. नुसते गोल कापून जोडले, तर चेंडू पायात नसताना खेळाडू कुठे उभा राहतो हे प्रशिक्षकाला कळत नाही.

बाकीचा भार एकट्या पोरावर टाकता येणार नाही. आय-लीग 3 या देशपातळीवरच्या खालच्या लीगमध्ये राज्यांच्या लीगमधून आलेले क्लब खेळतात. नागपूरचा एक क्लब तिथे पोचला, तर कामठीच्या मुलाला निवड समितीच्या नजरेत येण्यासाठी मुंबई गाठावी लागणार नाही. त्यासाठी परवानाधारक प्रशिक्षक, तेरा आणि पंधरा वर्षांखालचे संघ, आणि प्रवास-मुक्कामाचा खर्च उचलणारं कुणीतरी हवं. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत कारखाने आहेत. त्यांच्या दारात हा प्रस्ताव घेऊन आता जिल्ह्यातल्या क्लबांनी एकत्र जायला हवं.