तो सर, ती सर, ते सर

(मराठी भाषा गौरव दिनी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात एका निवृत्त शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

सरपंचताई, गावकरी मंडळी आणि माझ्या पोरांनो,

हरभरा सोंगायचे दिवस आहेत. दिवसभर वावरात वाकून तुम्ही संध्याकाळी एका शब्दावरचं बोलणं ऐकायला आलात, याचं मला फार अप्रूप वाटतं. शब्द दोन अक्षरांचा आहे. सर. नोकरीची शेवटची वीस वर्षं तुम्ही मला याच शब्दानं हाक मारलीत. त्याआधी मी गुरुजी होतो, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी मास्तर.

या शब्दाकडं माझं लक्ष वळवलं ते तिसरीतल्या एका पोरानं. त्या वर्षी मृग कोरडा गेला होता, आर्द्राही अर्ध्यावर आल्या होत्या. पुष्कळांनी धूळपेरणी करून ठेवली होती, त्या पोराच्या बापानंही. मी फळ्याकडं तोंड करून गणित लिहीत होतो. खिडकीजवळ बसलेलं ते पोरगं एकदम उठून ओरडलं, "सर आली!" मला वाटलं, माझ्याबद्दल किंवा मुख्याध्यापकांबद्दल बोलतंय. मी मागं न वळता म्हणालो, "सर आली नाही, सर आले म्हणावं." पोरगं खिडकीतून बाहेर बघत राहिलं. मग खालच्या आवाजात म्हणालं, "सर आले." आणि तेवढ्यात टिनांवर ताडताड आवाज सुरू झाला.

पोराचं मराठी बिनचूक होतं. चूक माझी होती. महिनाभर त्याच्या घरात ज्या गोष्टीशिवाय दुसरं बोलणं नव्हतं, ती गोष्ट दारात आली होती आणि मी त्याला तिचं लिंग बदलायला लावलं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. मोत्यांचा सर तुटला. पावसाची सर आली. सर वर्गात आले. त्या पोराला पुढं बोलावून म्हणालो, काल तू बरोबर होतास. आज तो कास्तकार आहे. पेरणीच्या दिवसांत त्याचा फोन येतो, "सर, तुमच्याइकडे सर आली का जी?" या वाक्यातले दोन्ही सर ऐकणाऱ्याला जराही अडत नाहीत.

ते का अडत नाहीत, हे मला आज सांगायचं आहे. आपल्या भाषेत शब्दाच्या मागं तो, ती, ते उभे असतात. तो सर म्हटलं की माळेचा पदर. ती सर म्हटलं की पाऊस. तीच ती सर बरोबरीच्या अर्थानंही येते: पऱ्हाटीच्या पैशाची सर सोयाबीनला नाही, असं आपण म्हणतोच. आणि आदरार्थी ते सर म्हणजे शिक्षक, साहेब, फौजदार. शिवाय 'सर' हा हुकूमही आहे. वाटेत उभ्या असलेल्या माणसाला आपण म्हणतो, बाजूला सर. हा सर संस्कृतातल्या 'सृ' धातूचा. सृ म्हणजे चालणं, वाहणं, पुढं जाणं. सरिता त्याच्यातली, प्रसार त्याच्यातला, आणि आपण ज्याच्यात गळ्यापर्यंत बुडालेलो असतो तो संसारही त्याच्यातलाच. उन्हाळा सरला, डब्यातलं तेल सरलं, हे सरणंही तेच. पुढं जाता जाता वस्तू संपते, म्हणून चालण्याचा शब्द संपण्याला लागला.

आता सरपंचताईंकडं वळतो. सरपंच या शब्दातला सर फारसीतून आला. फारसीत सर म्हणजे डोकं. पंचांचं डोकं तो सरपंच. कामाचं डोकं ते सरकार. हद्दीचं टोक ती सरहद्द. शिवाजी महाराजांच्या लष्कराचा प्रमुख सरनौबत, पुढच्या काळातल्या मराठा आरमाराचा प्रमुख सरखेल, सगळे त्याच डोक्याचे. १७१९ साली मोगल बादशहानं शाहू महाराजांना दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा दिल्या, त्यात आपला वऱ्हाड होता. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी म्हणजे वर आणखी दहावा. एवढं डोकं कुणाचं, तर सरदेशमुखाचं. पण या डोक्याला मराठीत लिंग चिकटलं नाही, ही फार चांगली गोष्ट झाली. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तो सरपंच आणि ती सरपंच म्हणायला आपल्याला नवा शब्द घडवावा लागला नाही.

हा फारसी सर आपल्याला परका वाटतो, पण तो घरचाच आहे. संस्कृतात डोक्याला शिर म्हणतात. संस्कृतातला श पुष्कळ ठिकाणी फारसीत स होतो. आपलं शत, त्यांचं सद. आपलं शिर, त्यांचं सर. एका आजीची ही नातवंडं. लॅटिनमधला सेरेब्रम, म्हणजे मेंदू, तोही याच कुळातला. गडचिरोलीकडच्या दवाखान्यात डॉक्टर सेरेब्रल मलेरिया म्हणतात, ताप डोक्यात गेला म्हणतात, तेव्हा त्यांच्या तोंडी सरपंचाचा लांबचा भाऊबंद असतो.

असाच आणखी एक बदल आहे. संस्कृतातला स फारसीकडं गेला की ह होतो. सप्त तिकडं हफ्त. त्यातूनच आठवड्याला हफ्ता, आणि आपल्या घरी कर्जाचा हप्ता. सरस्वती या नावाचं जुनं इराणी रूप हरह्वती असं होतं. हे एवढं का सांगतोय, ते लोणारला गेलो की कळेल.

लोणार आपल्या दारातलं. बेसॉल्टच्या काळ्या खडकात उल्का आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. तिथलं पाणी खारं. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा आपण सगळे बघायला गेलो होतो. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगद्रव्यानं ते झालं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पेपरात बातमी वाचून गावातल्या एका आजोबांनी मला विचारलं, "मास्तर, आता लोणारचं नाव रामाचं सरोवर ठेवलं का?" त्यांचा प्रश्न मला फार आवडला. सरोवर म्हणजे सरांमध्ये श्रेष्ठ, सरस् म्हणजे तळं. अमृतसर हे अमृताचं तळं, बिकानेरकडचं लुणकरणसरही तसंच. मग रामसर म्हणजे रामाचं तळं, हा हिशेब आजोबांनी बरोबरच मांडला होता.

फक्त हे रामसर इराणात आहे, कॅस्पियन समुद्राच्या काठी. २ फेब्रुवारी १९७१ ला तिथं पाणथळ जागांच्या रक्षणाचा जागतिक करार झाला, म्हणून त्या गावाचं नाव अशा जागांना मिळालं. त्या गावाचं जुनं नाव होतं सख्तसर. सख्त म्हणजे आपला सक्त, सक्तमजुरीतला. आणि सर तोच, डोक्याचा. तो तळ्याचा असता तर फारसी वळणानं त्याचा ह झाला असता. तर आपल्या जिल्ह्यात असं झालं, की तळ्याच्या सराला डोक्याच्या सराचं नाव लागलं. दोघांचं नातं शून्य, आवाज मात्र एक. पूर्वेकडं भंडारा-गोंदियात गेलात तर तळ्याला सर कुणी म्हणतच नाही. तिकडं लहान तळं ती बोडी, मोठा तो तलाव, आणि मालगुजारांच्या काळातले ते माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव. पाणी तेच, शब्दाचं घराणं वेगळं.

आता मला ज्या नावानं हाक मारता, तो सर. हा इंग्रजीतून आला. इंग्रजीत तो फ्रेंचमधल्या सीरवरून आला, आणि सीर लॅटिनमधल्या सेनियरवरून. सेनियर म्हणजे वयानं मोठा. स्पॅनिशमधला सेन्योर त्याचाच भाऊ. ज्येष्ठांची सभा ती सिनेट, नागपूर विद्यापीठातही आहे. आणि वेदांतल्या संस्कृतात सन म्हणजे जुना. सनातन शब्द त्यातूनच आला. म्हणजे 'येस सर' मधला सर आणि सनातन हे एकाच खोडाचे धुमारे. सरपंचातल्या सराशी याचा काडीचा संबंध नाही, हेही लक्षात ठेवा. पोरं मला विचारतात, सर म्हणजे मुख्य, म्हणून तुम्ही सर का? नाही रे बाबा. सर म्हणजे म्हातारा. या अर्थानं मी आता खरा सर झालो.

हाच शब्द इंग्रजांनी किताब म्हणून वापरला. रवींद्रनाथांना १९१५ साली तो मिळाला, आणि जालियनवाला बागेनंतर १९१९ साली त्यांनी तो नाकारला. पण मला आपल्या वऱ्हाडातलं एक उदाहरण जास्त लागतं. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड तुम्ही पाहिला असेल. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तो सर केला. 'सर केला' मधला सर म्हणजे काबीज. दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. पुढच्या वर्षी त्या वेलस्लीला इंग्लंडच्या राजानं नाइट केलं आणि तो सर आर्थर झाला. आधी गड सर झाला, मग माणूस सर झाला. गडाच्या तटावर उभं राहून मी पोरांना हे सांगायचो तेव्हा ती हसायची. मला मात्र आत मेलेली माणसं आठवायची.

अजून एक शब्द सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. सरासरी. फारसीत सरासर म्हणजे या डोक्यापासून त्या डोक्यापर्यंत, सगळंच्या सगळं. मराठीत त्याची सरासरी झाली. पीक विम्याचा हिशेब महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर होतो. नाल्याकाठच्या दोन एकरांत सोयाबीन सडून गेलं आणि मंडळातली बाकीची वावरं बरी राहिली, की त्या दोन एकरांचं नुकसान सरासरीत दिसतच नाही. शब्दाच्या पोटात प्रत्येक डोकं मोजायची गोष्ट आहे, आणि हिशेबात एकेक डोकं पुसलं जातं. हे मला शब्दांवर प्रेम करणारा माणूस म्हणूनही सहन होत नाही.

विज्ञानातही एक सर भेटतो, पण तो सर नव्हे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या भागात, विहिरीच्या पाण्याची तपासणी केली की अहवालात एस, ए, आर अशी तीन अक्षरं येतात. माझा एक विद्यार्थी ती जोडून सर वाचत होता. ते आहे सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी असलेलं प्रमाण. हा आकडा वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, भोकं बुजतात, पाणी मुरत नाही, आणि वाळल्यावर जमीन फरशीसारखी होते. जिप्सम टाकतात ते त्यासाठी. तेव्हा तिथं तरी अक्षरं सुटी वाचा.

सुटं वाचायची आणखी ठिकाणं आपल्या वावरातच आहेत. सरी-वरंब्यातली सरी. जिनिंगमध्ये रुईपासून वेगळी होते ती सरकी, जिची ढेप आपण गाईला घालतो. तिफनीमागं बांधलेलं सरतं, ज्यातून बाई मूठ धरून तुरीचं बी सोडते. पीक निघाल्यावर गरिबाघरच्या बाया वेचतात तो सरवा. या सगळ्यांत सर ऐकू येतो म्हणून ते एका घरचे म्हणायचे नाहीत. शिर आणि सर वेगळे दिसूनही सख्खे निघाले, सरपंचातला सर आणि वर्गातले सर एकसारखे दिसूनही परके निघाले. शब्दाचं गोत आवाजावरून लावता येत नाही. तो कुणाच्या तोंडून, कोणत्या वावरातून, कोणत्या वाटेनं आला, ते विचारावं लागतं.

माझी आई सरवा वेचायची. कंबरेला ओच्याची खोळ, हातात काही नाही. गहू निघाल्यावर पाटलाच्या वावरात ती तासातासानं जायची आणि पडलेली ओंबी उचलून आधी कपाळाला लावायची, मग खोळीत टाकायची. तिला अक्षर येत नव्हतं. पण तो, ती, ते तिचं कधी चुकलं नाही. सरवा तो, सरकी ती, सरतं ते.

दाराशी मी एक फळा ठेवून घेतला आहे, खडू आहे. माझ्याकडून सुटलेला सर तुम्हाला घरी, वावरात, जिनात, कुठंही ऐकू आला असेल तर जाताना लिहून जा. खाली नाव लिहू नका, पण तो की ती की ते, एवढं लिहा.